कासाबाईचे पालक

सेलूच्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीच्या खिडकीत विष्णुपंत बसायचे. त्या दिवशी त्यांनी चष्म्यावरून बाहेर पाहिलं तर समोर हिरव्या लुगड्यातली, कपाळभर कुंकू लावलेली एक बाई उभी. हातात कागदांची पिशवी. विष्णुपंतांनी रोजच्या सवयीनं सांगितलं, "बाई, तुम्ही मागं बाकावर टेका. मुलीला पुढं पाठवा."

"कोन्या मुलीला?"

"जिचा अर्ज आहे तिला."

"अर्ज माझा हाय," कासाबाई म्हणाली.

विष्णुपंतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बाई तीच होती.

कासाबाई वालूरची. धनगराच्या घरची सून, धनगराच्याच घरची लेक. लहानपणी आश्रमशाळेत राहून दहावी झाली. दहावीचा निकाल लागला आणि लग्नाची सुपारी फुटली ती एकाच आठवड्यात, आणि सुपारी जास्त घाईची होती. त्यानंतर मेंढरं, शेती, सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं, एकुलती एक लेक दिपाली. शाळा मागं पडली ती पडलीच. दिपाली बारावीला आली तेव्हा ती मोठ्यानं पाठांतर करायची, आणि चुलीपुढं भाकरी थापता थापता कासाबाई तिची चूक काढायची. एकदा दिपाली चिडली. "एवढं येतंय तर तूच बस की परीक्षेला!"

कासाबाईला कुणी डिवचलं आणि ती गप्प बसली असं आजवर झालं नव्हतं. तिनं बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि मायलेकी एकाच वर्षी बारावी पास झाल्या. दिपाली नर्सिंगला परभणीला गेली. घर एकदम मोकळं झालं. कासाबाईला मात्र चटक लागली होती. तिनं नवऱ्याला सांगितलं, "मी कॉलेजला जाते."

"फी?" दत्तरावानं विचारलं.

"भटक्या जमातीच्या लेकरायची फी सरकार भरतंय."

"मग मला कामून इचारायलीस? सरकारला इचार."

दत्तरावाचा तो होकार होता. हा माणूस बोलायला थोडका, पण नियमाला लय पक्का. मेंढरं रस्त्यानं न्यायची तर डाव्या अंगानंच नेणार, समोरून कुत्रंसुद्धा येत नसलं तरी. एकदा एसटीत 'थुंकू नये' अशी पाटी वाचून त्यानं तोंडातली तंबाखू दाबून धरली, पुढच्या थांब्यावर थुंकायला उतरला, आणि एसटी निघून गेली. पाथरीला जायचा माणूस मधल्या फाट्यावर उभा राहिला. पण बसमध्ये थुंकला नाही, याचं समाधान त्याला वर्षभर पुरलं.

अर्जाला लागणारे कागद विष्णुपंतांनी सांगितले आणि कासाबाई ते गोळा करायला तहसीलजवळच्या ऑनलाइन सेवा केंद्रात गेली. केंद्र मंजुषा नावाची एक चुणचुणीत पोरगी चालवायची. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी म्हणून दत्तराव सोबत होता. पहिलाच घोळ नावाचा निघाला. जातीचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार कार्ड सासरच्या नावाचं. ह्या दोन बायका नसून एकच बाई आहे, असं शपथेवर लिहून द्यावं लागणार होतं.

"मी मीच हाय हे सांगायला स्टँप लागतो?" कासाबाईनं विचारलं.

"लागतो काकू," मंजुषा म्हणाली. "आणि गॅपचंपण शपथपत्र लागतं. दहावी आणि बारावीच्या मधी लय वर्षांचा गॅप पडलाय ना तुमचा."

"गॅप कसला? एक दिवस रिकामी बसले न्हाई."

"तसं नाही हो. शिक्षणात खंड का पडला, त्याचं कारण लिहायचंय. मी लिहिते, 'घरगुती अडचणीमुळे'."

इतका वेळ भिंतीवरचं दरपत्रक वाचत बसलेला दत्तराव वळला. "कोनती अडचन?"

"असं सगळेच लिहितात काका."

"सगळ्यायच्या घरी असंल. आमच्या घरी काय अडचन हाय? लग्न झालं, माझ्या घरी आली. मंग अडचन म्हंजी मी का?"

"तसं नाही—"

"हे मला मंजूर न्हाई. शपथेवर खोटं लिहायचं न्हाई."

मागं माणसं खोळंबली होती. एकानं सुचवलं, 'आर्थिक अडचण' लिहा. दत्तरावानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो पाणी प्यायला निघून गेला. शेवटी मंजुषानं लिहिलं, 'विवाह व मेंढपाळ व्यवसाय यांमुळे'. दत्तरावानं ते बोट ठेवून वाचलं आणि मान डोलावली. कासाबाई मनातून सुखावली होती. इतक्या वर्षांत ह्या माणसानं लग्नाबद्दल जाहीरपणे एवढं पहिल्यांदाच बोलून दाखवलं होतं.

अर्जात एक रकाना पालकाचा होता. कासाबाईचे वडील बिरदेव वारले होते, आई त्यांच्याही आधी गेलेली.

"मग काकांचंच नाव टाकते," मंजुषा म्हणाली. पालक: दत्तराव. नातं: पती.

कासाबाईला इतकं हसू आलं की तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. दत्तराव हसला नाही. "पालकाला काय काय करावं लागतंय?" एवढंच त्यानं विचारलं.

"काही नाही हो, नावापुरतं असतं," मंजुषा म्हणाली. ही तिची माहिती चुकीची होती.

सगळे दाखले हातात येईतो दसरा उलटला. रानं मोकळी झाली आणि दत्तराव मेंढरं घेऊन पाथरीकडं गेला. इकडं अर्जाची मुदत संपत आली. कासाबाई पुन्हा मंजुषाकडं आली. सगळं भरून झालं, फक्त शेवटचं बटण राहिलं. मंजुषा म्हणाली, "काकू, मोबाइलवर ओटीपी आलाय बघा. तेवढा नंबर सांगा."

कासाबाईनं स्वतःचा फोन पाहिला. काहीच नव्हतं. मग लक्षात आलं. आधार कार्ड काढलं तेव्हा घरात एकच फोन होता, दत्तरावाचा. ओटीपी पाथरीच्या रानात मेंढरांमध्ये जाऊन पडला होता.

तिनं फोन लावला. केंद्रात कालवा होता म्हणून मंजुषानं स्पीकर चालू केला.

"अवो, फोनवर नंबर आलाय का?"

"आलाय."

"सांगा मला."

पलीकडं मेंढरांचा आवाज. मग दत्तराव म्हणाला, "न्हाई सांगता येत."

"कामून?"

"फोन लावला की ती बाई सांगती न्हाई का, ओटीपी कोणालाही सांगू नका. तुज्याच फोनवर आत्ता सांगितलं असंल."

"अवो, मी हाय! कासा!"

"बायकोचा आवाज काढनारेबी निघालेत आता. गेल्या महिन्यात एकाला त्याच्या साडूच्या आवाजात लुटलं." मग त्यानं विचारलं, "तू खरी कासा असशील तर सांग, आपल्या एडक्याचं नाव काय?"

"बादशा."

"हे तर सगळ्या वालूरला माहीत हाय. लग्नात मी कामून रुसलतो ते सांग."

झेरॉक्स काढायला आलेली माणसंसुद्धा कागद हातात धरून थांबली. कासाबाईनं इकडंतिकडं पाहिलं, दात-ओठ खाल्ले, आणि हळूच म्हणाली, "बुंदी संपली म्हनून."

"आँ? ऐकू येईना."

"बुंदी संपली म्हनून!" ती ओरडली. "तुमच्या ताटात पडायच्या आत बुंदी संपली, तर मांडव सोडून मारुतीच्या पारावर जाऊन बसलता! माझ्या मामानं हातापाया पडून आनलं!"

अख्खं केंद्र हसलं. मंजुषानं टेबलावर डोकं टेकलं. दत्तराव मात्र गंभीरपणे म्हणाला, "बराबर. तू कासाच हायेस. खात्री पटली."

"मग सांगा नंबर."

"पन ती बाई 'कोणालाही' म्हनायली. 'बायको सोडून' म्हनली असती तर सांगितला असता."

आणि फोन बंद.

कासाबाई तणतणत उठली. आधी जीप, मग पायवाट, मग लोकांना विचारत विचारत ती त्या रानात पोचली तेव्हा दत्तराव बाभळीखाली भाकरी खात होता. वाटेत तिनं बोलायचं सगळं ठरवून ठेवलं होतं, त्यातलं बरंचसं ती बोललीही. दत्तरावानं ऐकून घेतलं. मग कोपरीच्या खिशातून फोन काढून तिच्या हातात ठेवला.

"ह्ये घे."

"आता? आता कसं चालतंय?"

"नंबर सांगू नका म्हनलंय. फोन देऊ नका असं कुटं म्हनलंय?"

"मग तुमच्याशी बोलायचं कसं आमी?"

"मला कुटं बोलायचंय," दत्तराव म्हणाला आणि भाकरीचा पुढचा घास मोडला.

दुसऱ्या दिवशी, मुदत संपायच्या आदल्या दिवशी, कासाबाईचा अर्ज गेला. विष्णुपंतांनी कॉलेजकडून तो पुढं पाठवला, आणि दोन महिन्यांनी मंजूर झाल्याचा निरोप आला तेव्हा त्यांनी स्वतः वर्गापर्यंत येऊन सांगितलं. पण जाता जाता म्हणाले, "कासाबाई, मिळवणं अर्धं काम. टिकवायची असेल तर हजेरी पंचाहत्तर टक्के पाहिजे, आणि वर्ष पास झालं पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा मिळायची नाही."

वर्गात कासाबाईचं बरं चाललं होतं. पोरी तिला मावशी म्हणत. संघप्रिया नावाची एक बारीकशी पोरगी तिच्या बाकावर बसायची. ती कासाबाईला इंग्रजीचे शब्द सांगायची आणि कासाबाई तिच्या डब्यात रोज शेंगदाण्याची चटणी टाकायची. आश्रमशाळेत जे मागं राहून गेलं होतं, ते हिला इथं सापडायला लागलं होतं. इतिहासाच्या सुमंगला मॅडम शिकवायला लागल्या की कासाबाईचे डोळे मोठे व्हायचे आणि तोंड आपोआप उघडायचं. मनातलं मनात ठेवायची तिला सवयच नव्हती. कुठल्या राजानं भावाला मारलं म्हटलं की ही मोठ्यानं, "अरंऽऽ, मेल्या!" म्हणायची.

मग मेंढ्या व्यायला लागल्या. दत्तराव मेंढरं घेऊन गावी परतला होता. कासाबाईच्या मते कुठली मेंढी अडणार, कुठली पिलाला थानाला लावून घेणार नाही, हे तिच्याशिवाय कुणाला कळणं शक्यच नव्हतं. एक दिवस राहिली, मग दुसरा, मग आठवडाच. हजेरी अशी घसरली की नोटीस बोर्डावर नाव लागलं: खालील विद्यार्थ्यांनी पालकांना घेऊन यावे.

कासाबाईनं विष्णुपंतांना गाठलं. "सायेब, माझं माझंच सांगते की. पालक कशाला?"

"अर्जात पालक आहेत ना? मग यावं लागेल." विष्णुपंतांनाही अवघडल्यासारखं झालं होतं. "नियम आहे."

नियम हा शब्द घरी उच्चारायलाच नको होता. दत्तरावानं त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसलं, पटका नव्यानं बांधला आणि बैठकीच्या तासभर आधी येऊन पहिल्या बाकावर बसला. आजूबाजूला पोरापोरींचे बाप. सुमंगला मॅडम यादी घेऊन आल्या.

"तुमची मुलगी—" त्यांनी कागद पाहिला. "माफ करा. तुमच्या... तुमच्या पाल्याची हजेरी कमी आहे."

पाल्य खाली मान घालून दाराजवळ उभी होती.

"अभ्यासात कशी हाय?" दत्तरावानं विचारलं.

"हुशार आहेत. उत्तरं चांगली लिहितात. पण वर्गात बोलतात फार."

"हितंबी?" दत्तरावाचा चेहरा उजळला. त्यानं शेजारच्या बापाकडं वळून सांगितलं, "मला वाटायचं माझ्याच संगट बोलती."

मॅडमना हसू आवरेना. त्यांनी हमीपत्राचा कागद पुढं केला. कासाबाईला वाटलं, आता सही करतील आणि सुटेल. पण सही करायच्या आधी वाचणार नाही तो दत्तराव कसला. बोट एका ओळीवर थांबलं.

"ह्याच्यात 'कोणत्याही कारणास्तव गैरहजर राहणार नाही' लिवलंय."

"हो."

"कोणत्याही म्हंजी मेंढी याली तरी?"

"तरी."

"सोयऱ्याचं लग्न असलं?"

"लग्नं सुट्टीत असतात हो. यायचंच."

"आनि ह्याची जिम्मेदारी माझी?"

"पालक म्हणून, हो."

दत्तरावानं सावकाश, एकेक अक्षर कोरून सही केली. पुढं काय होणार याची मॅडमना अजून कल्पना नव्हती, पण दारात उभ्या कासाबाईला होती.

दुसऱ्या दिवसापासून हाल सुरू झाले. दत्तराव उजाडायच्या आत उठून स्वतः चूल पेटवायचा. भाकरी अशी जाड थापायचा की डब्याचं झाकण बसायचं नाही. कासाबाईला फाट्यावर आणून एसटीत बसवायचा आणि एसटी वळेपर्यंत तिथंच उभा राहायचा, म्हणजे मधेच उतरायची सोय नाही. एका रविवारीसुद्धा त्यानं तिला नेऊन उभं केलं. "आज सुट्टी असती," ती परोपरीनं सांगत होती. "तसं कागदात कुटं हाय?" त्याचं म्हणणं. शेवटी एसटीच्या कंडक्टरनं साक्ष दिली तेव्हा सुटका झाली.

मामाच्या नातीची हळद पाथरीला होती, ऐन मंगळवारी. दत्तराव एकटाच गेला आणि तिकडं विचारतील त्याला सांगत सुटला, "तिला कॉलेज हाय." सोयरे फुगून बसले. एका सकाळी थंडीनं कासाबाईच्या जिवावर आलं म्हणून ती गोधडीतूनच कण्हली, "ताप हाय मला." दत्तराव आला आणि त्यानं तिचे दोन्ही कान चिमटीत धरून पाहिले. मेंढराचा ताप तो असाच बघायचा.

"कान गार हायेत. ऊठ."

"मी काय मेंढी हाय का?"

"मेंढी खोटं बोलत न्हाई. ऊठ."

एवढं सगळं ती हसण्यावारी न्यायची. पण एका गोष्टीनं तिला लागलं. एके संध्याकाळी ती घरी आली तर तिची लाडकी काळी मेंढी, जी दर वेळी अडायची, ती व्याली होती. दोन पिलं, दोन्ही उभी, थानाला लागलेली. दत्तराव बाजूला हात धूत होता.

"आडली न्हाई?"

"आडली. काढलं मी."

कासाबाई उंबऱ्यात टेकली. आनंद व्हायला पाहिजे होता, आणि आला राग. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आपल्याशिवाय इथलं पान हलत नाही. आणि इथं भाकरी होत होती, जाड का होईना. मेंढ्या वीत होत्या. झाडलोटसुद्धा झाली होती. तिला रडू यायला लागलं तसा दत्तराव घाबरला.

"पिलं चांगली हायेत की. कामून रडायलीस?"

"मग माझं काय काम ऱ्हायलं घरात?"

दत्तरावानं बराच विचार केला. "इतिहास," तो म्हणाला. "परवा पेपर हाय न्हाई का?"

ती रडता रडता हसली, मग पुन्हा रडली, आणि शेवटी पुस्तक काढून बसली. महिन्याभराचं एक पिलू मांडीवर घेतलं होतं, त्यानं पुस्तकाचा कोपरा खाल्ला. परीक्षेत नेमकं त्या पानावरचं काही आलं नाही, हे नशीब.

वर्षाच्या शेवटी हजेरी भरली, जास्तच भरली. निकालात कासाबाई इतिहासात वर्गात पहिली आली आणि इंग्रजीत काठावर पास झाली. ते इंग्रजीचे मार्क बघून संघप्रिया तिच्या गळ्यात पडली, कारण काठ तिनं गाठून दिला होता. शिष्यवृत्ती टिकली. दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरायच्या आधी विष्णुपंतांनी कासाबाईला समोर बसवून आधारला तिचा स्वतःचा नंबर जोडायला लावला. "तुमच्या यजमानांबद्दल मला पूर्ण आदर आहे," ते म्हणाले, "पण मुदतीचा विचार करायला हवा."

आता कासाबाई तिसऱ्या वर्षाला आहे. दिपाली परभणीहून फोन करून विचारते, "एम.ए. करतीस का?" तर ही म्हणते, "आधी तुझ्या बापाला इचार, पालक हाय माझा." आणि ते काही नावापुरतं राहिलेलं नाही. कॉलेजच्या पालक संघाच्या बैठकीला बाकीचे आईबाप वर्षातून एकदा फिरकले तर फिरकले; दत्तराव एकही बैठक चुकवत नाही. मागच्या वेळी उपाध्यक्ष निवडायचा होता. हजर पालक एकच होता, म्हणून निवड एकमतानं झाली.

तेव्हापासून दत्तरावाला कॉलेजविषयी मतं सुचायला लागली आहेत. पाण्याच्या टाकीला झाकण नाही. पोरींच्या वर्गातला पंखा फिरतो पण वारा येत नाही. परवाच्या बैठकीत तो हे सगळं प्राचार्यांना सांगायला उभा राहिला. खिडकीबाहेर वर्गातल्या पोरी गोळा होऊन ऐकत होत्या. कासाबाई त्यांच्या मागं, भिंतीला चिकटून, पदर डोक्यावर ओढून उभी.

"आनि अजून एक," आतून दत्तरावाचा आवाज आला, "हितं पोरायला इंग्रजी लय अवघड जायलंय. माझ्या पाल्याचंच सांगतो—"

"चल गं," कासाबाईनं संघप्रियाचा हात धरला आणि कँटीनच्या दिशेनं तिला जवळजवळ ओढतच नेलं. "आपन चहा पिऊ. त्यायचं संपायला अजून येळ हाय."